पालवीवर दहिवर पडतं तेव्हा: पानगळीच्या झाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा घसरला की झाडांबद्दलचे प्रश्न सुरू होतात. रोपं करपली, शेंडे काळे पडले, आता काय करायचं? एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या तऱ्हेचे प्रश्न येतात. नाशिकची कितीतरी मुलं आता जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत आहेत. ती तिकडच्या डोंगरांचे फोटो घरी पाठवतात आणि ऐन वसंतात तिथलं जंगल भाजून काढल्यासारखं दिसतं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: थंडी झाडाच्या कोणत्या अवस्थेत पडली, यावर सगळं ठरतं. शिवाय करपलेलं झाड मेलंच असं धरून त्यावर कोयता चालवायची घाई आपल्याकडे फार होते. ती थांबावी म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

वसंतातलं उशिराचं दहिवर म्हणजे काय? बर्फ पडतो तेच का?

नाही. बर्फ पडायला ढग लागतात. दहिवराची, म्हणजे दव गोठण्याची, रात्र बहुतेक वेळा निरभ्र असते, वारा पडलेला असतो, हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन आणि पानं आपली ऊब उघड्या आकाशाकडे सोडत राहतात आणि पहाटेपर्यंत शून्याखाली जातात. थंड प्रदेशात हिवाळा सरून पालवी फुटल्यानंतर अशी रात्र आली, तर तिला उशिराचं दहिवर म्हणायचं. उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट येऊनही असं होतं, आणि लाटेच्या मागोमाग निरभ्र रात्र आली तर सगळ्यात वाईट. मध्य युरोपात ११ ते १५ मे हे दिवस काही ख्रिस्ती संतांच्या नावाचे आहेत आणि तिथे त्यांना 'बर्फाचे संत' म्हणतात. ते सरेपर्यंत नाजूक रोपं उघड्यावर लावायची नाहीत, असा तिथल्या जुन्या माळ्यांचा दंडक.

हिवाळ्यात उणे २० अंश सोसणारं झाड मे महिन्यात उणे ३ अंशांना कसं हरतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळं इथेच आहे.

शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की थंड प्रदेशातलं झाड तयारीला लागतं. कळ्यांमधलं पाणी कमी होतं, पेशींमध्ये साखर वाढते, पेशीच्या पातळ आवरणातली चरबीसुद्धा बदलते, म्हणजे गारठ्यात ते आवरण कडक होऊन तडकत नाही. वरून कळीवर खवल्यांचं कवच असतं. बीच नावाचा युरोपातला एक मोठा जंगली वृक्ष आहे. त्याची हिवाळ्यातली कळी बघावी: तपकिरी, सुईसारखी टोकदार, कोरडी. आत अख्खं पान घड्या घालून बसलेलं असतं. या स्थितीत उणे २० अंश तिला काही करत नाहीत.

मग हिवाळ्याची ठरावीक थंडी मिळाली आणि पुढे ऊब आली की सगळं उलटं फिरतं. कळीत पाणी शिरतं, साठलेली साखर वाढीसाठी खर्च होते, खवले गळतात. बाहेर येणारं बीचचं पान इतकं मऊ असतं की बोटांत धरलं तर जाणवतही नाही. त्यावर अजून घड्यांच्या रेघा असतात, कडेला रेशमी लव असते. हिवाळ्यातलं कवच उतरलेलं आणि उन्हाळ्यातला जाडपणा अजून आलेला नाही, असे हे एक-दोन आठवडे. त्यात उणे ३-४ अंशांची एक रात्र पुरते.

फळबागांतल्या मोजमापांवरून हा फरक नीट कळतो. सफरचंदाची कळी फुगून टोकाला रुपेरी दिसू लागते तेव्हा उणे ९ अंशांनाही दहातली एखादीच मरते. फूल पूर्ण उमललं की तेवढंच नुकसान उणे २ अंशांना होतं, आणि उणे ४ च्या आसपास दहातली नऊ फुलं जातात. झाड तेच, बाग तीच, मध्ये गेलेले असतात काही आठवडे.

पानाच्या आत नेमकं काय घडतं?

आधी गोठतं ते पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी. ते पेशीतल्या रसापेक्षा कमी साखरेचं असतं म्हणून लवकर गोठतं. मग हा बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढू लागतो. पेशी आक्रसते, तिचं आवरण चुरगळतं आणि ठराविक मर्यादेपलीकडे फाटतं. म्हणजे बरंचसं नुकसान खरं तर कोरडं पडण्याचं असतं. सकाळी ऊन आल्यावर बर्फ वितळतो, फाटलेल्या पेशींतून रस झिरपतो आणि पान उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखं लुळं, गडद दिसतं. दोन-तीन दिवसांत ते तपकिरी किंवा काळं होऊन सुकतं.

पाणी शून्याला गोठतंच असं नाही. गोठायला एखादा कण लागतो. पानांवर राहणारा सुडोमोनस सिरिंगी नावाचा जीवाणू नेमका असा कण पुरवतो. त्याच्या अंगावरच्या प्रथिनाभोवती उणे २ अंशांच्या आसपासच बर्फ जमू लागतो. तो नसता तर तेच पान आणखी काही अंश न गोठता निभावून गेलं असतं.

निफाडला पारा ३-४ अंशांवर असतानाही दव गोठल्याच्या बातम्या येतात. शून्याच्या वर असताना गोठतं कसं?

बातमीतला आकडा हवेचा असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर असो की आणखी कुठे, तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. गवताचं पातं किंवा द्राक्षाचं वरचं पान मात्र थेट आकाशाखाली उघडं असतं आणि शांत रात्री ते त्या पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गार होतं. पेटीत ३ अंश असताना गवतावर शून्य किंवा त्याखाली असणं अगदी शक्य आहे. आपल्या शेतातली खरी थंडी बघायची असेल तर पिकाच्या उंचीवर साधा तापमापक बांधावा. बातमीतल्या आकड्यावर विसंबू नये.

निफाड सखल भागात, अंजनेरी-ब्रह्मगिरी उंचावर. मग गारठा खाली जास्त का?

गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून ओघळते आणि नदीच्या खोऱ्यात साचते. गोदावरी-कादवेचं सपाट खोरं अशा साठ्याला सोयीचं आहे. डोंगराच्या मधल्या उतारावर त्या वेळी बऱ्यापैकी ऊब असते. जंगलातही हेच होतं. खळग्यातली झाडं करपतात आणि वरच्या उतारावरची हिरवी राहतात. रोपवनाची जागा निवडताना कोणी हे विचारात घेत नाही, आणि घ्यायला हवं.

आपली पेठ, सुरगाण्याची जंगलंही पानगळीचीच. त्यांना असा फटका बसतो का?

मोठ्या झाडांना सहसा नाही, कारण त्यांचं घड्याळ वेगळं आहे. युरोपातलं झाड थंडीसाठी पानं टाकतं. आपला साग, ऐन, धावडा, पळस, मोह पानं टाकतात ते पाण्याच्या टंचाईमुळे. नाशिक जिल्ह्यातल्या सर्वांत गार रात्री डिसेंबर-जानेवारीच्या, कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या. तेव्हा जंगलात जुनी, निबर पानं असतात किंवा ती गळत असतात. सागाची नवी पालवी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, पावसाच्या तोंडावर येते. थंडी आणि कोवळं पान यांची गाठच पडत नाही.

रोपांचं तसं नाही. लहान रोपाला पानं उशिरापर्यंत असतात, ते जमिनीलगत म्हणजे सगळ्यात गार थरात उभं असतं, आणि सागाला दहिवर मुळीच मानवत नाही. मध्य भारतात सालवृक्षाच्या रोपांची हीच गत होते. खोलगट भागात दहिवराने शेंडे मरतात, मुळं जिवंत राहतात, पुन्हा फुटवे येतात, पुन्हा मरतात. मूळ मात्र दर वर्षी जाड होत जातं आणि एखाद्या वर्षी कोंबाला वर निघायला संधी मिळते. निलगिरीच्या डोंगरांवर गवताळ पठारात शोला नावाच्या सदाहरित जंगलाची झाडं पसरत नाहीत, त्यामागेही हिवाळ्यातल्या दहिवराने मरणारी रोपं हे एक मोठं कारण आहे.

मग द्राक्षाचं काय? तीही पानगळीचीच वेल ना?

हो, आणि म्हणूनच नाशिकच्या बागाईतदाराला हा विषय लवकर कळतो. फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपते आणि एप्रिलच्या आसपास डोळे फुटतात. २०२१ च्या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मार्चअखेरच्या उबेनंतर तिथे पारा शून्याखाली गेला आणि कोवळे कोंब मोठ्या प्रमाणावर जळाले. बागांमध्ये रात्रभर पेटवलेल्या मोठ्या मेणबत्त्यांच्या ओळी अनेकांनी तेव्हा फोटोंत पाहिल्या असतील. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी करून आपण तिला जागी ठेवतो. त्यामुळे थंडी येते ती मणी भरत असताना: फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, काढणी लांबते. नुकसान निराळं, पण नियम तोच, की वेल कोणत्या टप्प्यावर सापडली.

थंड प्रदेशातली कोणती झाडं जास्त भोगतात?

बीच, ॲश, अक्रोड आणि बऱ्याच प्रमाणात ओक. बर्च आणि हॉर्नबीम लवकर पालवतात, पण त्यांची कोवळी पानं थंडी बऱ्यापैकी झेलतात. अक्रोड उलट वागतो: पान अतिशय नाजूक, म्हणून तो उशिरापर्यंत डोळे मिटून बसतो. लवकर उठायचं तर कणखर असावं लागतं, नाजूक असलं तर उशिरा उठावं लागतं. बीच या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि मार खातो. अमेरिकेच्या ईशान्य भागात मे २०१० मध्ये मात्र फासे उलटे पडले. शुगर मेपल होरपळला, शेजारचे बीच आणि बर्च बरेचसे वाचले, कारण मेपल तेव्हा नेमका कोवळ्या पानांत होता.

फोटोत डोंगराच्या मध्यावरच तपकिरी पट्टा दिसतो. वर-खाली हिरवं, मध्ये करपलेलं. असं का?

पायथ्याची झाडं आधी पालवलेली असतात. त्यांची पानं जून झालेली असतात, आणि तिथे तापमानही फार उतरत नाही. माथ्यावरच्या झाडांच्या कळ्या अजून मिटलेल्या असतात. मधला पट्टा नेमका कोवळ्या पानांचा. इटलीच्या अपेनाइन डोंगरांत एप्रिल २०१६ च्या अखेरीस बीचच्या जंगलांवर असे पट्टे उमटले आणि ते उपग्रहांच्या चित्रांतही दिसले.

करपलेलं झाड मेलं का?

बहुतेक वेळा नाही. मोठं, निरोगी झाड एका दहिवराने मरत नाही.

नवी पालवी येते तरी कुठून? आणि किती दिवसांनी?

झाड सगळ्या कळ्या एकदम वापरत नाही. फांद्यांच्या बेचक्यांत, खोडाच्या सालीखाली वर्षानुवर्षं न फुटलेले डोळे दबून असतात. शेंड्याकडचे कोंब मेले की वरून येणारा 'तुम्ही थांबा' हा रासायनिक निरोप बंद होतो आणि दबलेले डोळे जागे होतात. द्राक्षाचा शेंडा खुडल्यावर बगलफुटी जोरात निघतात, ती याच कारणाने.

पण पानं नसताना हे कोंब वाढवायचे कशावर? झाडाच्या खोडात, मुळांत आणि फांद्यांच्या लाकडात पिष्टाचा साठा असतो. झाड तो मोडतं. अपेनाइनमधल्या एका बीचच्या जंगलात २०१६ च्या त्या घटनेनंतर शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. झाडं जवळपास दोन महिने बिनपानाची उभी होती. नव्या पालवीसाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी साठवलेला कार्बन बाहेर काढला, आणि हंगाम संपेपर्यंत साठा बराचसा पुन्हा भरला. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं हे वाटतं: यंदाच्या संकटाला झाड कितीतरी मागच्या पावसा-उन्हाच्या कमाईवर तोंड देतं.

वेळ सरसकट सारखा लागत नाही. काही झाडं तीन-चार आठवड्यांत हिरवी दिसू लागतात, काहींना दोन महिने लागतात. तोवर काळी पानं फांदीवर लोंबत राहतात आणि बघणाऱ्याला धीर निघत नाही.

दुसरी पालवी पहिल्याइतकीच चांगली असते का?

सहसा नाही. पानांची छत्री विरळ राहते, पानं कमी असतात, आणि हंगामातले सर्वांत मोठे दिवस हातचे गेलेले असतात. शिवाय उशिराची कोवळी पानं उन्हाळ्यातल्या बुरशीच्या तावडीत सापडतात. युरोपात ओकच्या दुसऱ्या पालवीवर भुरी फार येते. आपल्या द्राक्षावरच्या भुरीची ती जवळची नातेवाईक. दहिवराचा खरा हिशेब अनेकदा इथे लागतो: झाड थंडीतून उठतं आणि भुरीने पुन्हा बसतं.

खोडात त्याची खूण राहते का?

राहते. त्या वर्षीचं वाढीचं वलय बारीक येतं. साठा पालवीवर खर्च झाल्यामुळे लाकूड घालायला फारसं उरत नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत वलयाची रुंदी बहुधा पूर्ववत होते. सालीखालचा वाढीचा थरच गोठला तर वलयात वेड्यावाकड्या पेशींची एक रेघ उमटते. जुन्या लाकडात अशी रेघ बघून त्या वर्षीच्या दहिवराचा माग काढता येतो.

फुलं आणि बियांचं काय होतं?

ती गेली. बीच आणि ओक पालवीबरोबरच फुलतात, फुलं पानांइतकीच नाजूक असतात आणि त्या वर्षी दुसऱ्यांदा सहसा येत नाहीत. बी नाही म्हणजे त्यावर जगणाऱ्या उंदरांना, पाखरांना, रानडुकरांना तो हिवाळा जड जातो.

मग झाड मरतं कधी?

साठा रिकामा होतो तेव्हा. लागोपाठ दोन-तीन वर्षं दहिवर पडलं, किंवा दहिवरानंतर त्याच उन्हाळ्यात दुष्काळ आला, किंवा अळ्यांनी दुसरी पालवीही खाल्ली, तर मोठं झाडही खचतं. रोपाकडे साठाच थोडा असतो. शिवाय मोठ्या झाडांखालची रोपं वरची छत्री मिटण्याआधी ऊन मिळावं म्हणून लवकर पालवतात आणि त्या घाईत सापडतात.

पृथ्वी तापते आहे, मग दहिवराचा धोका कमी व्हायला नको का?

हा प्रश्न रास्त आहे. हिवाळे सौम्य होत आहेत, शेवटचं दहिवरही अनेक ठिकाणी पूर्वीपेक्षा लवकर पडतं. पण झाडंही लवकर पालवू लागली आहेत. पालवीची तारीख दहिवराच्या तारखेपेक्षा जास्त वेगाने अलीकडे सरकली, तर सरासरी ऊब वाढूनही धोका वाढतो. काही प्रदेशांत तसं होतं आहे, काहींत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात २००७ चा मार्च असामान्य उबदार होता. झाडं, गहू, फळबागा सगळं वेळेआधी फुटलं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडक थंडी आली आणि ओकच्या जंगलांपासून पीच-सफरचंदांपर्यंत सगळं होरपळलं. ती थंडी तशी अपूर्व नव्हती. खरा घात आधीच्या उबेने केला होता.

जंगलात शेकोट्या पेटवून किंवा पाणी मारून झाडं वाचवता येतात का?

बागेत येतात, जंगलात नाही. बागेतही धुरापेक्षा आगीची ऊब आणि तिने हवेची होणारी घुसळण कामाची असते. नुसत्या धुराने रात्रीची ऊब फारशी अडत नाही. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा बांधाबांधाने लहान लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. पहाटे ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात त्याचाही उपयोग आहे, कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. थंड देशांत फळबागांवर फवारे चालवतात. गोठताना दर ग्रॅम पाण्यातून ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि कळी शून्याच्या आसपास राहते. मात्र फवारा मध्येच बंद पडला तर न मारण्यापेक्षा वाईट होतं.

वनाधिकारी करू शकतात ते एवढंच की सगळी मोठी झाडं एकदम तोडायची नाहीत. वर छत्री असली की रोपांची ऊब आकाशाकडे जात नाही. मोकळ्या केलेल्या जागेतच रोपं सर्वांत जास्त मरतात.

टेकडीवर लावलेलं रोप थंडीत करपलं. उपटून दुसरं लावू का?

थांबा. नखाने सालीचा बारीक कपचा काढून बघा, शेंड्याकडून सुरुवात करून खाली खाली. आत हिरवं, ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली बघा. अगदी जमिनीलगत हिरवं सापडलं तरी रोप वाचलं असं धरा, मूळ शाबूत असेल तर सागासारखं झाड तळातून फुटतं. मेलेल्या काड्या नवे कोंब दिसेपर्यंत छाटू नका, कुठपर्यंत मेलं आहे ते आधी कळत नाही. युरियाही लगेच देऊ नका, नाहीतर लुसलुशीत फूट निघते आणि पुढच्या गारठ्यात तीच आधी जाते. पाणी बेताने द्या.

पुढच्या हिवाळ्याआधी रोपाभोवतीचं दाट गवत काढा, वाळलेल्या गवतावरची हवा जास्त गार होते. मोजकी रोपं असतील तर संध्याकाळी गोणपाट टाका. ते जमिनीपर्यंत पोचायला हवं, म्हणजे मातीची ऊब आत राहते. सकाळी काढून घ्या.

शेंडा गेल्यावर झाड वेडंवाकडं वाढेल का?

एकाच्या जागी दोन-तीन फुटवे निघतात आणि खोड दुभंगू शकतं. लाकडासाठी लावलेल्या झाडात हे नुकसानच. फुटवे हातभर झाले की सर्वांत सरळ आणि जोमदार एक ठेवून बाकीचे काढा. सावलीसाठी किंवा पाखरांसाठी लावलं असेल तर जसं येईल तसं येऊ द्या.

नाशिकच्या आसपास लावायला कोणती रोपं घ्यावीत?

जातीइतकंच बी कुठलं आहे हेही विचारा. एकाच जातीची, पण वेगळ्या हवेत वाढलेल्या झाडांच्या बियांपासून आलेली रोपं वेगवेगळ्या वेळी पालवतात. युरोपातल्या वनखात्यांना हा अनुभव जुना आहे: दुसऱ्या भागातून आणलेल्या बियांची झाडं लवकर फुटली आणि दहिवरात गेली. त्र्यंबक, हरसूल, पेठच्या जंगलातल्या झाडांखाली गोळा केलेलं मोह, पळस, ऐन, बेहड्याचं बी मिळालं तर तेच घ्या. सागाची आणि इतर नाजूक रोपं नदीकाठच्या खोलगट शेताऐवजी उताराच्या मध्यावर लावा, आणि पहिले दोन-तीन हिवाळे त्यांच्यावर लक्ष ठेवा.